नागपुरात माणसं रस्त्यावर का झोपतात? आधी ती कुठे झोपतात ते बघू

नमस्कार राजेहो.

रात्री अकरानंतर कॉटन मार्केटकडून स्टेशनकडे या. बंद शटरसमोरच्या ओट्यांवर ओळीनं माणसं दिसतील. कोणी सायकल रिक्षाच्या सीटवर अंग दुमडून, पाय हँडलवर टाकून झोपलेला. चप्पल डोक्याखाली, कारण बाहेर ठेवली तर सकाळी नसते. आधार कार्ड पन्नीत गुंडाळून कमरेला.

हे बघून आपण काय म्हणतो? दारू पितात, आळशी आहेत, गावाकडे घर असेलच की. दारू आहे, नाही म्हणत नाही. पण प्यायल्यामुळे रस्त्यावर आला की रस्त्यावर आल्यावर प्यायला लागला, हे आपण विचारतच नाही. म्हणून ‘का’ जरा बाजूला ठेवा. ही माणसं झोपतात कुठे, ते बघा.

(स्क्रीनवर शहराचा नकाशा)

स्टेशन. कॉटन मार्केट. बर्डीचा बाजार. मेडिकल हॉस्पिटलचा चौक. मेयो हॉस्पिटलसमोर. ताजबागचा दर्गा. आता शहराच्या टोकाला बेसा, बेलतरोडीकडे बघा. केवढे प्लॉट रिकामे पडलेत! शांत जागा, पोलिसांचा दंडा नाही. तरी तिथे कोणी जाऊन झोपत नाही, कारण तिथे सकाळी काम मिळत नाही. मुंबईच्या फूटपाथवासीयांच्या खटल्यात, म्हणजे ओल्गा टेलिस प्रकरणात, सुप्रीम कोर्टानं 1985 साली हेच मान्य केलं: लोक फूटपाथवर राहतात कारण त्यांचं पोट तिथे भरतं, आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. त्याच निकालात नोटीस देऊन त्यांना हटवायची मुभाही पालिकेला दिली, ते वेगळं.

आता आपला ठिय्या घ्या, म्हणजे रोजंदारीचे मजूर कामासाठी उभे राहतात तो चौक. सकाळी आठला थापी, डबा घेऊन माणसं उभी. ठेकेदार गाडीवरून येतो, बोट दाखवतो: तू, तू आणि तू. दहानंतर जो उरला, त्याचा दिवस बुडाला. समजा बिगाऱ्याची हजेरी 500 रुपये आहे आणि महिन्यात 16 दिवस काम लागलं. झाले 8,000. त्यातले 3,000 गावाला. उरलेल्या 5,000 मध्ये जेवण, बिडी-चहा, औषधपाणी. शहराबाहेर 2,500 ची खोली घेतली तर ठिय्यावर वेळेत पोचायला रोजचा ऑटो. ओढूनताणून एखादा महिना निघेलही. पण दोन महिन्यांचं डिपॉझिट आगाऊ कुठून आणायचं? आणि पावसाळ्यात दोन आठवडे काम बंद झालं की खोलीमालक थांबतो का बाप्पा?

खोलीमालकाला महिन्याचा पगार दिसायला हवा असतो. एकेकाळी या शहरात तसा पगार देणारी एम्प्रेस मिल होती. 1877 साली जमशेटजी टाटांनी काढलेली, 2002 साली बंद झाली. आज तिथे मॉल आहे. मॉल बांधणाऱ्यांना मिळाली ती हजेरी. अशा मजुराचा मुक्कामही साइटवरच्या टिनाच्या खोलीत असतो. बिल्डिंग पूर्ण झाली की टिन दुसऱ्या साइटवर जातात. सोबत नेलं नाही, तर माणूस रस्त्यावर.

आकडे बघा. 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनावाल्यांनी बेघरांची मोजणी केली. देशाच्या शहरांत 9.38 लाख माणसं निघाली. 2001 मध्ये 7.78 लाख होती. आणि त्याच 2011 च्या जनगणनेत शहरांमधली रिकामी घरं किती? 1 कोटी 11 लाख. घरं आहेत राजेहो, कुलपात आहेत.

2012 साली सरकारच्या तज्ज्ञ गटानं शहरांत 1 कोटी 88 लाख घरं कमी आहेत असा अंदाज काढला. त्यातली जवळपास दीड कोटी कुटुंबं बेघर नव्हती, दाटीवाटीनं राहणारी होती. मला हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकच खोली, मोठ्याचं लग्न झालं, नवीन सून आली. म्हातारा आधी दाराबाहेर खाट टाकतो. मग देवळाच्या पायरीवर. मग एक दिवस घरचे शोधायलाही येत नाहीत. विधवा बाईचं, नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं असंच होतं, फक्त ती जास्त लपून राहते, म्हणून आपल्याला कमी दिसते.

मेडिकलसमोरची माणसं वेगळी. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंट घेऊन आलेली. पेशंट आत खाटेवर, नातेवाईक बाहेर चादरीवर. उपचार लांबला की आधी पैसे संपतात, मग गावचं वावर जातं.

मनोरुग्णांसाठी 2017 चा कायदा आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला ताब्यात घेऊन मदतीपर्यंत पोचवणं हे पोलिसांचं काम आहे. घर नाही किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्यासाठी बऱ्या झालेल्या माणसाला रुग्णालयात ठेवता येत नाही. आपल्याकडे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पण तिथून बाहेर पडून जायचं कुठे?

आता निवारे. नियम सांगतो, लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा एक निवारा, बारा महिने, चोवीस तास. 2011 मध्ये आपण 24 लाख होतो, म्हणजे 24 निवारे. प्रत्यक्षात आहेत ते बोटांवर मोजण्याइतके. आणि बेघर म्हटलं की आपल्याला थंडीतलं ब्लँकेट वाटप आठवतं. इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. दुपारी दोनला त्या माणसानं कुठे बसायचं?

निवाऱ्याचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही: कागद. खोली हवी तर आधार मागतात, आधारवर पत्ता हवा तर भाडेकरार मागतात. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखानं ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला, तर तो आधारसाठी चालतो. तिथून रेशन कार्डाची वाट उघडते.

तरी रिक्षावाला निवाऱ्यात जात नाही, कारण रिक्षा बाहेर ठेवली तर जाते. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं म्हणून जोडपी जात नाहीत. तर तुमच्या प्रभागात नवीन निवाऱ्याची गोष्ट निघाली, की नगरसेवकाला दोनच गोष्टी विचारा: ठिय्यापासून पायी किती मिनिटं, आणि रिक्षा आत लावता येते का?

तुमच्या भागातला ठिय्या कोणत्या चौकात भरतो, खाली लिहा. पुढच्या भागात ते सगळे नकाशावर टाकतो. भेटू.