तिचा फोटो कोणी काढला?

नमस्कार. सिनेमा संपून दिवे लागले तेव्हा मी पडद्याकडे पाठ करून तुमच्याकडेच बघत होतो. चारदोन जण हसत होते. शेवटी तो लोखंडी सांगाडा जरा झटके खात चालतो ना, म्हणून. हसा, हरकत नाही. ‘द टर्मिनेटर’ हा १९८४ सालचा सिनेमा, ६४ लाख डॉलरमध्ये उरकलेला. हॉलिवूडच्या हिशेबात तेव्हाही ती चिल्लरच. पण सांगाडा उघडा पडण्याआधीच्या दीड तासात कोणी हसल्याचं मला ऐकू आलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

मी तो पहिल्यांदा पाहिला तालुक्याच्या गावी, एका व्हिडिओ पार्लरात. पत्र्याची खोली, खाली सतरंजी, पुढे एक टीव्ही. बाहेरच्या फळ्यावर मालकाने खडूने लिहिलं होतं, ‘इंग्लिश फायटिंग’. इंग्रजी आम्हाला यथातथाच कळायचं. फायटिंग बघायला गेलो आणि घाबरून घरी आलो. रात्री अंथरुणात आठवत राहिलं ते तिसरंच काहीतरी: एका मुलीचा फोटो आगीत आक्रसत जातो, ते दृश्य. तेव्हापासून मला कोडं आहे, की मालकाने फळ्यावर लिहायला तरी काय हवं होतं?

कारण हा नक्की कोणत्या जातीचा सिनेमा? फोन डिरेक्टरीतून एकाच नावाच्या बायका शोधून एकेकीला मारणारा कोणी शहरात फिरतोय, हा सरळ भयपट. २०२९ सालातून माणूस येतो, ही विज्ञानकथा. गाड्यांचा पाठलाग आणि बंदुका, ही मारधाड. आणि हॉटेलात टेबलं सांभाळणारी सारा ही एक साधी पोरगी आणि तिच्यासाठी काळ ओलांडून आलेला सैनिक काइल रीस, ही प्रेमकथा. ‘सगळं थोडं थोडं आहे’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण सगळं थोडं थोडं भेळेतही असतं. भेळेतून कांदा काढला तर भेळ उरते. आमटीतून आमसूल काढून दाखवा बरं! हा सिनेमा आमटीच्या जातीचा आहे, आणि तो तसा का झाला ते मला आज सांगायचंय.

याचं मूळ एका दुःस्वप्नात आहे. जेम्स कॅमेरॉन रोममध्ये तापाने फणफणला असताना त्याला आगीतून बाहेर येणारा धातूचा सांगाडा दिसला. म्हणजे बीज भयाचं. त्याच्या नावावर तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. पटकथेचे हक्क त्याने निर्माती गेल अ‍ॅन हर्ड हिला एका डॉलरला देऊन टाकले, अट एवढीच की दिग्दर्शन मी करणार. भविष्यातलं अख्खं जग उभं करायला पैसे कुठून आणणार? तेव्हा भविष्यालाच लॉस एंजेलिसच्या गल्लीत आणून उभं केलं, तेही नागडं.

या नागडेपणाकडे नीट बघा. नियम असा, की जिवंत मांसाखेरीज काहीही काळापलीकडून येऊ शकत नाही. टर्मिनेटर हे मारेकरी यंत्र येऊ शकतं, कारण त्याच्यावर जिवंत कातडी चढवली आहे. वरवर ही विज्ञानकथेची एक कलम. पण ती किती कामं करते! भविष्यातली शस्त्रं येऊ शकत नाहीत, म्हणजे ती बनवायचा खर्च वाचला. लढाई दुकानात मिळणाऱ्या बंदुकांनीच होणार, म्हणजे मारधाड ओळखीची झाली. काइल रीस रिकाम्या हातांनी येतो, म्हणजे तो खरं बोलतोय याचा त्याच्याकडे एकही पुरावा नाही. पोलिसांचा मानसतज्ज्ञ त्याला वेडा ठरवतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. तो तज्ज्ञ चौकीबाहेर पडतो त्याच दारातून टर्मिनेटर आत येतो. तज्ज्ञाचं लक्ष हातातल्या पेजरकडे! इथे भयपट आणि विनोद यांच्यात एका दाराचंच अंतर आहे.

विज्ञानकथेत समजावून सांगण्याची मोठी अडचण असते. कोणीतरी फळ्यापुढे उभं राहून व्याख्यान देतो आणि प्रेक्षक चहाला जातो. (आज तुम्ही गेला नाहीत, आभारी आहे.) इथे काइल सगळं सांगतो ते पळत्या गाडीत, आणि मग अंधाऱ्या पार्किंगमध्ये दबून बसून. ऐकणारी सारा भेदरलेली, मागे मृत्यू लागलेला. माहिती आणि धाप एकाच श्वासात येतात.

पात्रनिवडही बघा. अर्नोल्ड श्वार्झनेगरचा विचार आधी काइलच्या भूमिकेसाठी चालला होता. तो खलनायक झाला आणि मारधाडपट उलटा झाला. एरवी ते दंड, ती छाती नायकाची. इथे नायक मायकल बीन, अंगाने किरकोळ, झोपेत दचकणारा. आमच्या पार्लरात पोरांना शिट्टी कोणासाठी मारायची तेच कळेना. मग जसजशी कातडी जळत जाते, भुवया जातात, एक डोळा जातो आणि त्यावर काळा चष्मा चढतो, तसतसा तो देखणा देह आपल्यासमोर स्वप्नातला सांगाडा होत जातो.

संगीताबद्दल फार बोलत नाही, पण तबला शिकणाऱ्यांनी कान द्यावा. ब्रॅड फिडेलने सिंथेसायझरवर ताल घोळवताना आवर्तन किंचित अलीकडे तुटलं आणि तेरा मात्रांचं काहीतरी विचित्र तयार झालं. त्याने ते तसंच ठेवलं. धातूचा ठोका मिळवायला चक्क लोखंडी तवा बडवला. म्हणूनच तो ताल कानाला लंगडा लागतो.

१९९१चा दुसरा भाग याहून भव्य आहे, अनेकांना तोच आवडतो. मला विचाराल तर त्यात भय पातळ झालं. असो.

आता फोटो. काइलकडे साराचा जुना फोटो होता, तिच्या मुलानेच, म्हणजे पुढे यंत्रांशी लढणाऱ्या माणसांचा म्होरक्या होणाऱ्या जॉनने, त्याला दिलेला. भविष्यातल्या त्या बिळात टर्मिनेटर शिरतो तेव्हा तो फोटो जळतो. काइल साराला सांगतो, फोटोत तू उदास होतीस, त्या क्षणी तुझ्या मनात काय असेल याचा मी सारखा विचार करायचो. फोटो पाहून तो प्रेमात पडला, म्हणून काळ ओलांडून आला. तो आला म्हणून जॉन जन्मणार, आणि जॉन आहे म्हणून त्याला पाठवलं जाणार. कालप्रवासाचं ते गोल चाक फिरतं ते प्रेमाच्या आसावर. प्रेमकथा काढा, विज्ञानकथा जागच्या जागी थांबते. विज्ञानकथा काढा, तर त्या दोघांची भेटच होत नाही. आणि मागे मृत्यू लागलेला नसता, तर एका रात्रीत आयुष्यभराचं प्रेम करायची घाई तरी कोणाला होती?

मग तो शेवट. काइल नाही. सारा मेक्सिकोतल्या एका पेट्रोल पंपावर जीपमध्ये बसली आहे, पोटात मूल, हातात टेपरेकॉर्डर. न जन्मलेल्या मुलाला त्याच्या बापाबद्दल सांगावं की नाही, हे ती टेपशी बोलतेय. म्हणजे काइलला आयुष्यभर पडलेल्या प्रश्नाचं उत्तर ती बोलून दाखवतेय, फक्त ते ऐकायला तो नाही. तेवढ्यात एक पोरगा खटकन तिचा फोटो काढतो. वर पाच डॉलर मागतो, नाहीतर बाप मारेल म्हणतो. सारा त्याची लबाडी ओळखते आणि घासाघीस करून चारवर आणते.