स्वप्नातली उडी गेममध्ये आणताना

लहानपणी मला एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. ढगांचे तुकडे, आणि एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत मी चाललोय. पडायची भीतीच नाही. मोठेपणी याचा गेम करायचा, हे तेव्हाच ठरलं होतं. आज तो माझ्या स्क्रीनवर चालतोय.

पण पहिले आठ महिने मी नुसते ढग रंगवले. नकाशा काढला, राजा-राणीची गोष्ट लिहिली, संगीत जमवलं. खेळण्यासारखं मात्र काहीच नव्हतं. स्वप्न दिसतं, म्हणून आपण आधी त्याचं चित्र काढायला जातो. गेमला लागतं क्रियापद. स्वप्नात तुम्ही काय करत होतात?

सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचं वेड होतं. पुढे गेम बॉय, म्हणजे हातात धरून खेळायची छोटी यंत्रं, एकमेकांना जोडणारी केबल पाहून त्यांच्या मनात आलं, या वायरीतून किडे इकडून तिकडे जाऊ शकतील. त्यातून 1996 मध्ये पोकेमॉनचे पहिले गेम आले. त्यातले सगळेच प्राणी काही किड्यांसारखे नाहीत, पण शोधणं, पकडणं, अदलाबदल करणं तसंच राहिलं. शिगेरू मियामोतो यांचंही तेच. क्योतोजवळच्या सोनोबे भागात भटकताना त्यांना एक गुहा सापडली होती. त्यांनी केलेला 1986 चा 'द लीजंड ऑफ झेल्डा' हा गेम सुरू करा, पहिल्याच दृश्यात गुहेचं काळं तोंड दिसतं. आत शिरायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. मला हे फार सुंदर वाटतं.

माझं क्रियापद होतं तरंगणं. म्हणून सगळे ढग बाजूला ठेवले, गोदो हे गेम बनवायचं मोफत इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअर, उघडलं आणि एक राखाडी चौकोन घेतला. उडी म्हणजे काय? चौकोनाला वरच्या दिशेने वेग द्यायचा, मग गुरुत्वाकर्षण प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर नवं चित्र येतं तेव्हा दर वेळी, तो थोडा थोडा कमी करतं. एवढं केलं, तर ती दगडाची उडी झाली. स्वप्नातली नव्हे.

मग दोन गोष्टी केल्या. उडीच्या टोकाला वेग शून्याजवळ आला की, बटण दाबून धरलेलं असेपर्यंत, गुरुत्वाकर्षण अर्धं. चौकोन हवेत किंचित रेंगाळतो. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मला पोटात अगदी स्वप्नातल्यासारखं हलकं वाटलं. वीस वर्षांनी!

दुसरी गोष्ट म्हणजे कायोटी टाइम. खेळणारा कडेवरून पुढे गेला, तरी साधारण 6 फ्रेम उडी मारता येते. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर हा जेमतेम 0.1 सेकंद. तो कळतही नाही, फक्त आपण चुकलो असं वाटत नाही. स्वप्नात पडायची भीती का नव्हती, याचं उत्तर मला या सहा फ्रेममध्ये सापडलं.

हे नुसतं राखाडी रूप परवा माझ्या आठ वर्षांच्या भाचीला दिलं. काहीही सांगितलं नाही. ती पळत कडेपर्यंत गेली, उडी मारली, आणि चौकोन वर रेंगाळला तेव्हा तिने श्वास रोखून धरला. मग विचारलं, "मामा, वर काय आहे?"

वर अजून काहीच नाही. ढग आता रंगवायला घेतोय.