बीटा टाकला आणि चालू काम बसलं

बसा बसा, मागचे जरा पुढं सरका, पंख्याखाली जागा आहे. मे महिन्यात सोलापुरात दुपारी व्याख्यान ठेवणारे आणि ते ऐकायला येणारे, दोघांनाही माझा नमस्कार.

विषय आहे प्रिव्ह्यू, बीटा, आरसी (म्हणजे रिलीज कँडिडेट, पक्क्या व्हर्जनच्या अगदी आधीचं) असल्या कच्च्या टूल्सची चालू कामाशी होणारी भांडणं. माझंच सांगतो. जुळे सोलापुरात घरी बसून एका क्लायंटचं डॉटनेट ८ चं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंगच्या प्लॅटफॉर्मचं, काम चाललं होतं, २०२४ चा असाच उन्हाळा, रात्री हौस म्हणून डॉटनेट ९ चा प्रिव्ह्यू टाकला. प्रोजेक्टला हातसुद्धा लावला नाही हं! सकाळी टर्मिनलवर बिल्ड मारला, म्हणजे कोडाचा प्रोग्रॅम बनवायला घेतला, तर नव्याच वॉर्निंग्ज, आणि आमच्याकडं वॉर्निंग म्हणजे एरर अशी सेटिंग, त्यामुळं बिल्ड बंद. गंमत म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओत, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तोच कोड गपगुमान चालतोय. दोन तास मी कोड चाळत बसलो, आणि कोडात काही नव्हतंच की!

झालं होतं असं, की फोल्डरमध्ये ग्लोबल डॉट जेसन फाईल नसेल तर टर्मिनलवरची डॉटनेट कमांड मशिनवरचा सगळ्यात वरच्या नंबरचा एसडीके (प्रोग्रॅम बनवणारा टूल्सचा संच) उचलते, प्रिव्ह्यू असला तरी. व्हिज्युअल स्टुडिओचं स्टेबल व्हर्जन मात्र प्रिव्ह्यू एसडीके बाजूला ठेवतं, तुम्ही सेटिंगमध्ये मुद्दाम सांगितलं नसेल तर. प्रोजेक्टमध्ये ८ लिहिलंय ते कशासाठी बनवायचं त्याचं, बनवणारा कोण ते वेगळंच. मग ती ग्लोबल डॉट जेसन फाईल केली, त्यात एसडीकेचा नंबर लिहिला, अलाउ प्रीरिलीज फॉल्स केलं, म्हणजे कच्चं व्हर्जन घेऊ नको असं सांगितलं, पाच मिनिटांत विषय संपला. दोन तास गेले ते गेलेच.

आता जावास्क्रिप्टवाल्यांचं, हे जास्त चिवट आहे. रिॲक्ट ही वेबपेजं बनवायची लायब्ररी, आणि नेक्स्ट हे तिच्यावर उभं असलेलं फ्रेमवर्क. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेक्स्ट १५ आलं, स्वतः स्टेबल, पण सोबत रिॲक्ट १९ ची आरसी. दुसरी एखादी लायब्ररी घालायला गेलं की एनपीएम, म्हणजे लायब्रऱ्या आणून बसवणारं टूल, व्हर्जन जुळत नाहीत म्हणून ई-रिझॉल्व्ह असा एरर देऊन अडून बसायचं. एक पोरगा मला म्हणाला, सर, लायब्ररीत तर रिॲक्ट १८ किंवा १९ चालेल असं स्पष्ट लिहिलंय. लिहिलंय बाबा, पण कॅरेट (^ ही खूण) लावून १९.०.० म्हणजे १९.०.० पासून वर आणि २० च्या आत, आणि १९ ची आरसी ही १९.०.० च्या खाली येते. नावात १९ असून ती १९ मध्ये बसत नाही! हळद लागली म्हणजे लग्न लागलं असं नसतं ना, तसंच.

यावर सगळे एनपीएमला लेगसी पीअर डेप्स हा पर्याय मारतात. मला ते आवडत नाही, कारण त्यानं पीअरची, म्हणजे लायब्ररीला सोबत कुठलं व्हर्जन लागतं त्याची, तपासणी सगळीकडंच बंद होते, खरं भांडण असलं तरी ते दिसत नाही. एनपीएम ८.३ पासून ओव्हरराइड्स ही सोय आहे, त्यात त्या एकाच लायब्ररीपुरतं सांगा, आणि शेजारी रीडमीत, प्रोजेक्टच्या माहितीच्या फाईलमध्ये, लिहून ठेवा की हे का केलं. रिॲक्ट १९ पक्कं डिसेंबरमध्ये आलं, पण ओव्हरराइड्सची ती ओळ काढायचं कुणाच्या लक्षात राहतंय!

अजून एक बारीक गोष्ट, तुम्ही स्वतः बीटा सोडत असाल तर व्हर्जनच्या नावात बीटा डॉट २, बीटा डॉट ११ असा मध्ये डॉट द्या. डॉट नसेल तर ते अक्षरांसारखं लावलं जातं आणि बीटा११ हे बीटा२ च्या आधी जाऊन बसतं. खरंच.

पायथनवाले सुखी, त्यांचं लायब्रऱ्या बसवणारं टूल पिप आपणहून प्रीरिलीज सहसा घेत नाही, आणि व्हेन्व्ह, म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी खोली, करायची सवय तुम्हाला असतेच. असते ना?

काय म्हणता, मग प्रिव्ह्यू टाकायचाच नाही? टाका की, मीपण टाकतो, पण कंटेनरमध्ये, म्हणजे मशिनपासून वेगळ्या ठेवलेल्या डब्यात, नाहीतर जुन्या लॅपटॉपवर. बरं, लॅपटॉप आणलेत ना? उघडा, मशिनवरचे एसडीके दाखवणारी डॉटनेट लिस्ट एसडीकेज कमांड मारा, बघू कुणाकडं किती जुने प्रिव्ह्यू पडलेत. हां ताई, तुमच्याकडं? पाच! या, इकडं स्क्रीनला लावा.