भावना कशाला असतात?

कात्रजच्या सर्पोद्यानात गर्दीच्या दिवशी जरा वेळ उभे राहा. साप काचेपलीकडे, तो बाहेर येणार नाही हे लहान पोरांनासुद्धा माहितीये, आणि तरी त्याने अचानक काचेवर तोंड मारलं की पुढे उभे असलेले सगळे दचकून मागे.

चार्ल्स डार्विनने हे स्वतःवर करून बघितलेलं, लंडनच्या झूमध्ये. पफ अ‍ॅडर जातीच्या विषारी सापासमोर काचेच्या अगदी जवळ तोंड नेऊन उभा राहिला, मनाशी पक्कं ठरवून की काहीही झालं तरी मागे सरायचं नाही, आणि सापाने झेप घेतली तसा एक-दोन यार्ड मागे उडाला. १८७२ च्या भावनांवरच्या पुस्तकात त्याने स्वतःच हे लिहून ठेवलंय.

मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. धोक्याची नुसती चाहूल लागली तरी तो कामाला लागतो, मग छाती धडधडते, हातापायांच्या स्नायूंना जास्त रक्त मिळतं, पचन मंदावतं, तळहाताला घाम फुटतो आणि "अरे, काच आहे की मध्ये" हे आपल्या लक्षात येतं नंतर. किळसही तशीच, नासलेल्या दुधाचा वास आला की नाक आपोआप मुरडतं, ते दूध पोटात जायच्या आधीच.

आता आपल्याकडे सर्रास सांगतात, भावना बाजूला ठेव आणि डोक्याने विचार कर. पण अँटोनिओ दमासिओ या न्यूरॉलॉजिस्टचा एक पेशंट होता, मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेला. बुद्धी शाबूत, बोलणं व्यवस्थित. त्याला पुढच्या अपॉइंटमेंटसाठी दोन तारखा दिल्या, तर तो डायरी काढून जवळजवळ अर्धा तास दोन्हींच्या बाजूने कारणंच देत बसला, हवामान काय असेल, दुसरी कामं कुठली आहेत, सगळं मुद्देसूद, फक्त ठरेना. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, दुसऱ्या तारखेला या, तर म्हणाला, ठीक आहे. डोकं चालत होतं हो, पण अमुक एक बरं वाटतंय हे आतून सांगणारं काही उरलंच नव्हतं!

आणि दुःख? ते कशाला हवं असं वाटतंच आपल्याला. पण पेठेतल्या एखाद्या घरात कुणी गेलं की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्या काकू न विचारता पिठलं-भात घेऊन येतात, जबरदस्तीने दोन घास खायला लावतात. रडणाऱ्याने मदत मागितलेली नसते, त्याचा चेहराच ती मागत असतो, आणि तो बघून समोरच्यालाही गलबलून येतं. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव सांगितले त्यात शोक आहे, उत्साहाच्या आणि हासाच्या बरोबरीने, कमी दर्जाचा म्हणून नाही. त्यामुळे बाप गेलेल्या पोराला स्मशानातच "पुरुषासारखा पुरुष तू, रडतोस काय" म्हणणारे नातेवाईक मला अजिबात पटत नाहीत, त्याला रडू द्या की!