क्ल्यू म्हणजे लोकरीचा गुंडा!

नमस्कार मंडळी! हे बघा माझ्या हातात काय आहे, लोकरीचा साधा गुंडा. आणि आज ज्या शब्दाबद्दल बोलायचंय ना, क्ल्यू, म्हणजे "अरे एखादा क्ल्यू तरी दे" मधला क्ल्यू, त्याचा मूळ अर्थ अगदी हाच आहे. गुंडा.

जुन्या इंग्रजीत क्लिवेन असा शब्द होता, त्याचं झिजून झिजून क्ल्यू झालं, आणि कितीतरी शतकं त्याचा रहस्याशी काडीचाही संबंध नव्हता. मग तो संबंध आला कुठून? तर ग्रीक पुराणातून.

क्रीट बेटावर राजा मिनोसचा भुलभुलैया होता, डेडलसने बांधलेला, आणि आत मिनोटॉर, धड माणसाचं आणि डोकं बैलाचं. थीसियस नावाचा वीर त्याला मारायला निघाला तेव्हा मिनोसच्याच मुलीने, अ‍ॅरियाड्नीने, त्याला दोऱ्याचा गुंडा दिला. आता नीट बघा हं, हे टोक दाराशी बांधायचं, गुंडा असा सोडत सोडत आत जायचं आणि काम झालं की तोच दोरा धरून मागे यायचं. म्हणजे राक्षस कुठे बसलाय हे दोरा सांगतच नाही, तो फक्त बाहेर पडायची वाट राखून ठेवतो! मला तर हे फार म्हणजे फारच आवडतं.

१४व्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने ही गोष्ट इंग्रजीत सांगितली तेव्हा गुंड्यासाठी हाच शब्द वापरला. पुढे लोक गुंडा विसरले, वाट लक्षात राहिली, आणि कोड्यातून बाहेर काढणारं काहीही म्हणजे क्ल्यू असं झालं. मग डिटेक्टिव्ह आले, शब्दकोडी आली.

आता मराठीत बघा. पोलिसांच्या हाती काय लागतं? धागेदोरे! आणि एवढ्याशा खुणेवरून कुणी भलताच निष्कर्ष काढला तर आपण म्हणतो, सुतावरून स्वर्ग गाठला. तिथेही सूतच. दोन भाषा, दोन वाटा, पण चित्र तेच, अंगावर काटा येतो खरंच.

बरं, स्पेलिंगचं राहिलंच. आपल्या क्ल्यूच्या शेवटी यू ई येतं, पण जहाजाच्या शिडाच्या खालच्या कोपऱ्यालाही इंग्रजीत क्ल्यूच म्हणतात, शब्द मुळात तोच, आणि तिथे शेवटी ई डब्ल्यू लिहितात, गुंड्याचं जुनं स्पेलिंग खलाश्यांनी अजून जपून ठेवलंय.