बटण कोणाच्या हातात?

नमस्कार मंडळी.

आजचा विषय वफा बिलाल. जन्म १९६६चा, इराकमधल्या नजफचा. न्यूयॉर्क विद्यापीठात ते कला शिकवतात. त्यांना नट म्हणावं, चित्रकार की तंत्रज्ञ, या वादात पडण्यात अर्थ नाही. त्यांच्या कामात पाहायचं ते एवढंच, की यंत्राचं बटण कोणाच्या हातात दिलंय.

२००४ मध्ये त्यांचा भाऊ इराकमध्ये अमेरिकी हल्ल्यात मारला गेला. पुढे टीव्हीवर एक मुलाखत त्यांच्या पाहण्यात आली. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत संगणकापुढे बसून इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या सैनिकाची. तिथून 'डोमेस्टिक टेन्शन' हे काम सुचलं.

मे २००७, शिकागोची एक गॅलरी. खोलीत पलंग, टेबल, संगणक, दिवा आणि स्वतः बिलाल. समोर पेंटबॉलची बंदूक. तिला वेबकॅम आणि इंटरनेटवरून चालणारी मोटर. घरबसल्या कोणीही बंदूक फिरवायची, बटण दाबायचं, की पिवळा रंग भरलेली गोळी बिलाल यांच्या दिशेनं सुटायची. ३० दिवस, चोवीस तास. गोळ्या ६० हजारांच्या वर गेल्या, शंभराहून जास्त देशांतून.

पेंटबॉल म्हणजे खेळणं, असं कोणी समजू नये. खेळाच्या मैदानावर या गोळीचा वेग सेकंदाला ९० मीटरच्या आसपास रोखतात, तरीही डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. म्हणून गॉगल हवाच. जिलेटिनचं कवच आपटून फुटतं, रंग जमिनीवर साचतो आणि पाय घसरतात. शिवाय अशा जोडणीत चित्र आणि आज्ञा दोन्ही उशिरा पोचतात. पडद्यावर दिसणारा माणूस तोवर दुसरीकडे सरकलेला असतो. नेम चुकतो, मग चिडून आणखी गोळ्या.

खरी गंमत पुढेच आहे. काहींनी प्रोग्रॅम लिहून बंदूक आपोआप झाडायला लावली. दुसऱ्या काहींनी पाळ्या लावल्या आणि ती सतत डावीकडे वळवत ठेवली, म्हणजे गोळ्या भिंतीला लागतील. बंदूक एकच, ताबा सगळ्यांचा. म्हणून मारणं आणि वाचवणं दोन्ही त्याच बटणानं जमलं. नाटकात प्रेक्षकाला इतकी अडचणीची जागा क्वचितच मिळते.

२०१०च्या 'अँड काउंटिंग' या कामात बिलाल यांनी स्वतःच्या पाठीवर इराकचा नकाशा गोंदला. अमेरिकी मृतांसाठी ५ हजार लाल ठिपके, इराकी मृतांसाठी १ लाख ठिपके अशा शाईचे, की ते फक्त अतिनील दिव्याखाली दिसावेत. साधा दिवा लावला की इराकी मृत गायब.

त्याच वर्षी डोक्याच्या मागे टायटॅनियमचे आधार बसवून कॅमेरा लावला. मिनिटाला एक फोटो, थेट संकेतस्थळावर. कल्पना जबर, पण शरीर प्रोग्रॅम मानत नाही. त्वचेतून बाहेर येणाऱ्या धातूभोवती जखम नीट भरत नाही, जंतूंना वाट मिळते. एक आधार शरीरानं नाकारला आणि २०११च्या सुरुवातीला काढावा लागला. विद्यापीठाच्या आवारात तर लेन्सला झाकण घालूनच वावरावं लागे. विद्यार्थ्यांच्या खासगीपणाचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता.

'१६८:०१' हे त्यांचं काम मात्र शांत आहे. २००३च्या लुटालुटीत बगदादच्या ललित कला महाविद्यालयाची सुमारे ७० हजार पुस्तकं नष्ट झाली. बिलाल कपाटांत कोरी पांढरी पुस्तकं मांडतात. कोणी खऱ्या पुस्तकाचे पैसे दिले, की ते पुस्तक फळीवर येतं आणि कोरं देणाऱ्याच्या घरी जातं. प्रदर्शन संपलं, की खरी पुस्तकं बगदादला रवाना होतात.