सेवापुस्तकाचं पहिलं पान

(वाशी येथे सेवेत असलेल्या आणि निवृत्त शासकीय कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ठाण्याचं जिल्हाधिकारी कार्यालय घ्या, जिल्हा परिषद घ्या, नाहीतर आपलं बेलापूरचं कोकण भवन घ्या. ३१ मेच्या दुपारी कुठेही डोकावलात तरी निरोप समारंभ चालू असतात. एकाच खुर्चीवर एकामागून एक सत्कारमूर्ती बसतात, शाल-श्रीफळ देऊन हात दुखतात. एका दिवशी इतकी माणसं निवृत्त कशी होतात? कारण ती सगळी १ जूनला जन्मलेली असतात. खरं म्हणजे गुरुजींनी त्यांना १ जूनला जन्माला घातलेलं असतं. (हशा)

यात गुरुजींची लबाडी नव्हती. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहा वर्षं पूर्ण दाखवायची, आणि आई सांगणार, "पानशेत फुटलं त्याच्या आदल्या साली, भातलावणी चालली होती." रजिस्टरच्या रकान्यात भातलावणी लिहिता येत नाही. मग पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघायचं आणि तारीख टाकायची १ जून.

आता या एका आकड्याची किंमत सांगतो, कारण ती फार कमी जणांनी मांडून पाहिलेली असते. आपल्या राज्यात निवृत्तीचं नियत वयोमान ५८, गट-ड साठी, म्हणजे शिपाई वगैरेंसाठी, ६०. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माध्यान्होत्तर निवृत्ती. पण कायद्याने वय पूर्ण होतं ते वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. म्हणजे १ जून १९६७चा माणूस ३१ मे २०२५ला ५८ पूर्ण करतो आणि त्याच दिवशी घरी जातो. गुरुजींनी २ जून लिहिलं असतं, तर तो ३० जूनला गेला असता. एक महिन्याचा पूर्ण पगार गेला. एवढ्यावर थांबत नाही. ज्यांची वेतनवाढ १ जुलैची आहे, त्यांनी ३० जूनला निवृत्त होताना वर्षभराची सेवा पूर्ण केलेली असते, म्हणून ती वेतनवाढ त्यांना मिळाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ रोजी सांगितलं. ३१ मेवाल्याचे अकराच महिने भरतात. त्याला ती नाही, आणि तिच्यावर बसणारं निवृत्तिवेतनही नाही. पन्नास वर्षांपूर्वी बोरूने काढलेला एक आकडा माणूस मरेपर्यंत वजावट करत राहतो.

मी आयुष्यभर आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या शाखेत, बसलो. जन्मतारखेचे अर्ज कधी येतात ते आम्हाला पाठ असतं. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं, निवृत्तिवेतन प्रकरणासाठी सेवापुस्तक, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, काढलं, की येतात. एक प्रकरण सांगतो, नाव सांगत नाही. वाहनचालक, मूळचा पाटण तालुक्यातला, राहायला कोपरखैरण्यात. नोंद १ जून १९६७. आईचं म्हणणं, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा पोटात होता." भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. आई असल्या बाबतीत चुकत नाही. मला तिचं पटलं होतं, आजही पटतं. गडी गावी जाऊन कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ची, नक्कल घेऊन आला. त्यात १९६८ सालची नोंद, बापाचं नाव बरोबर, आणि बाळाच्या नावाच्या जागी नुसतं 'मुलगा'. बारशाआधीच नोंद व्हायची, नाव कुठून येणार? मग वरून शेरा आला: सदर नोंद अर्जदाराचीच, अन्य भावाची नव्हे, हे कशावरून? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, इतकी वर्षं कुठे होता? टिपणी मीच लिहिली. अर्ज दप्तरी दाखल करावा, म्हणजे नामंजूर करून फाईल बंद करावी.

तुम्ही म्हणाल, आईवर विश्वास आणि टिपणी अशी? कारण नियमाला विचारायचंच नसतं की तो कधी जन्मला. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१, यातला ३८वा नियम काढून वाचा. सेवापुस्तकात तारीख एकदा लागली की ती बदलत नाही. सूट कुठे, तर दुसऱ्या कुणाच्या हलगर्जीपणामुळे चूक झाली असेल किंवा उघड लेखनप्रमाद असेल तिथे. आणि १६ ऑगस्ट १९८१ला किंवा त्यानंतर जो सेवेत आला, त्याचा अर्ज सेवेत आल्यापासून पाच वर्षांनंतर विचारातच घ्यायचा नाही. केंद्रातही पाचच वर्षं. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे केंद्राचा एक कर्मचारी होता, सुमारे पस्तीस वर्षं गप्प बसून मग जागा झालेला. त्याला न्यायालयाने परत पाठवलं. २०१० साली महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात पाच वर्षांचा नियम उचलून धरला. २०२१ साली तर सांगितलं की पुरावा सबळ असला तरी तारीख बदलून मिळणं हा हक्क नव्हे, उशीर झाला एवढं कारणही नकाराला पुरतं.

हे मला निर्दय वाटत नाही. तुमच्यामागे कोण उभा आहे ते बघा. तुम्ही ३१ मेला जाणार म्हणून पद रिक्त धरलं जातं, पदोन्नती समितीची बैठक होते, कुणीतरी बायकोला सांगून ठेवलेलं असतं की जूनमध्ये अधीक्षक होणार. तुमचं वय दोन वर्षांनी कमी झालं की तो कदाचित त्याच पदावरून निवृत्त होतो. त्याला तुमच्या अर्जाची नोटीसही जात नाही.

शिपायापासून सरसेनाध्यक्षापर्यंत गोष्ट एकच आहे. जनरल व्ही. के. सिंह यांच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर १० मे १९५१, आणि एनडीएसाठी लोकसेवा आयोगाला दिलेल्या अर्जात १० मे १९५०. लष्कराच्याच एका शाखेत १९५१, दुसऱ्या शाखेत १९५०! फरक पडत होता सुमारे दहा महिन्यांच्या कार्यकाळाचा. १० फेब्रुवारी २०१२ला सर्वोच्च न्यायालयात न्या. लोढा आणि न्या. गोखले यांच्यापुढे त्यांची याचिका आली. न्यायालयाचा रोख असा, की खरी जन्मतारीख कोणती हा इथला प्रश्नच नाही, सरकारी नोंदीत कोणती मानली गेली हा आहे. आणि १९५० तुम्ही स्वतः लेखी मान्य केलेलं आहे. याचिका मागे घेतली गेली, ३१ मे २०१२ला ते निवृत्त झाले. तारीख बघा, इथेही ३१ मेच!

माझी तक्रार नियमाशी नाही, कार्यालयांशी आहे. पाच वर्षांची मुदत ठेवता, मग त्या पाच वर्षांत सेवापुस्तकाचं जन्मतारखेचं पहिलं पान कर्मचाऱ्यापुढे धरता का? रुजू होण्याच्या दिवशी पन्नास कागदांवर सह्या घेतात, त्यातच ही एक. पुढे पुस्तक कपाटात, किल्ली लिपिकाकडे, लिपिक रजेवर.

(श्रोत्यांतून प्रश्न: राजपत्रात जन्मतारीख बदलून घेतली तर?)

चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाकडे पैसे भरून राजपत्रात जाहिरात छापून येते, खरं. पण ती तुमची जाहिरात. तिच्यामुळे सेवापुस्तकातलं अक्षरही हलत नाही. आधार कार्डाचंही तेच. आधार देणारं खुद्द प्राधिकरण म्हणतं की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही.

(प्रश्न: माझ्या मुलाला नोकरीला लागून तीन वर्षं झालीत, दाखल्यात आणि सेवापुस्तकात तफावत आहे.)

मग आज इथून घरी जाऊ नका, आधी त्याला फोन करा. (हशा) शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि महापालिकेचा जन्मदाखला दोन्ही काढायला सांगा. हिशेबही तपासा, मागितलेल्या तारखेने तो दहावीला बसायला किंवा नोकरीला अपात्र ठरत असेल तर केंद्राचा नियम अशी दुरुस्ती करू देत नाही, आणि आपल्याकडेही हा प्रश्न पहिल्यांदा विचारतात. अर्ज साहेबांच्या हातात द्यायचा नाही. साहेब बदलून जातात. आवक शाखेत द्यायचा, स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडच्या प्रतीवर, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा, आणि ती स्थळप्रत घरी ठेवायची, कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये नाही.